श्रीगुरू तेगबहादूर यांचा अनित्यविचार

शिखांचे नववे गुरू श्रीतेगबहादूर यांचा जन्म इ. स. १६२१ मध्ये अमृतसर येथे झाला. सहावे गुरू श्रीहरगोविंद यांचे ते कनिष्ठ पुत्र. मूळ नाव त्यागमल. १६३५ च्या करतारपूरच्या युद्धातील पराक्रम पाहून पित्याने त्यांस तेगबहादूर म्हटले, असे परंपरा सांगते.

१६४४ मध्ये पिता निवर्तल्यावर माता नानकी व पत्नी गुजरी यांच्यासह ते बकाला ग्रामी राहिले. बराच काळ एकांतात व नामस्मरणात गेला. परंतु प्रपंच टाकला नाही. परमेश्वर अंतरी असता त्यास वनात धुंडाळणे व्यर्थ, हा त्यांचा उपदेश होय. १६६४ मध्ये गुरुपद प्राप्त झाल्यावर ते अमृतसरी दर्शनास गेले, तो प्रतिपक्षीयांनी हरिमंदिराची द्वारे लावून घेतली. ते मंदिर त्यांच्या आजोबांनीच उभारलेले. तरी कलह न करता ते परतले.

पुढील वर्षी भूमी विकत घेऊन त्यांनी चक्क नानकी हे गाव वसविले. तेच आजचे आनंदपूर. जगाला वाळूच्या भिंतीची, जलावरील बुडबुड्याची व स्वप्नाची उपमा देणाऱ्या पुरुषाने गाव वसवावे, हे प्रथमदर्शनी विसंगत भासेल. परंतु वसविणे वेगळे आणि त्यात गुंतणे वेगळे. गाव वसते न वसते तोच ते पूर्वदेशी निघाले. १६६६ मध्ये पाटण्यास पुत्र गोविंद जन्मला, तेव्हाही ते प्रवासातच होते.

धन, देह, आप्त व सत्ता यांपैकी काहीही अखेरपर्यंत सोबत करीत नाही, हे त्यांच्या वाणीचे सूत्र. त्यातूनच ते दुसरे सूत्र काढतात: जो कोणास भय दाखवीत नाही आणि कोणाचे भय मानीत नाही, तोच ज्ञानी. अनित्यतेचा असा अर्थ लावणारे विरळाच; पुष्कळांस ती उदासीनतेची सबब होते.

१६७५ मध्ये काश्मीरचे पंडित औरंगजेबाच्या राजवटीतील धर्मछळाचे गाऱ्हाणे घेऊन आले. ज्या यज्ञोपवीताच्या रक्षणाचा प्रश्न होता, ते गुरूंच्या पंथाने आवश्यक मानलेले नव्हते. तरीही त्यांनी तो भार स्वतःवर घेतला. दिल्लीत प्रथम मतीदास, सतीदास व दयालदास या शिष्यांचा वध झाला. नंतर चांदणी चौकात गुरूंचा शिरच्छेद झाला. शिर भाई जैता यांनी आनंदपुरास नेले. धड लखीशाह वणजारा यांनी गुप्तपणे घरी आणले आणि उघड चिता रचणे अशक्य म्हणून स्वतःच्या घरालाच अग्नी दिला. त्या स्थळी आज रकाबगंज गुरुद्वारा आहे.

गुरूंचे ५७ श्लोक ग्रंथसाहिबाच्या अंतिम भागात असून पाठाच्या समाप्तीस ते म्हटले जातात.