लोक वान थो

लोक वान थो (१४ जून १९१५ – २० जून १९६४) हे मलाया व सिंगापूर येथील चित्रपट-व्यावसायिक, पक्षिनिरीक्षक आणि पक्ष्यांचे नामवंत छायाचित्रकार होते. 'लोक' हे त्यांचे आडनाव असून चिनी प्रथेप्रमाणे ते नावाच्या आधी येते. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झाल्यानंतर ते भारतात आले आणि मुंबईत पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्याशी त्यांचा आजन्म स्नेह जुळला. आग्नेय आशियाच्या चित्रपट-इतिहासात ते कॅथे संस्थेचे प्रमुख म्हणून ओळखले जातात. भारतीय पक्षिशास्त्रात मात्र सलीम अलींचे सहप्रवासी व साहाय्यकर्ते म्हणून त्यांचे स्थान आहे.

जन्म व शिक्षण

वान थो यांचा जन्म क्वालालंपूर येथे झाला. त्यांचे वडील लोक यू हे चीनमधून गरिबीत मलायात आले आणि कथिलाच्या खाणींच्या व्यवसायातून तेथील अग्रगण्य धनिक बनले. १९१७ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा वान थो दोन वर्षांचेही नव्हते. आई लिम चेंग किम यांनी त्यांचे संगोपन केले. शालेय शिक्षणाचा काही काळ स्वित्झर्लंडमध्ये गेल्यानंतर त्यांनी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज महाविद्यालयात प्रवेश घेतला. इंग्रजी साहित्य व इतिहास हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. शिक्षण संपवून मायदेशी परतल्यावर कौटुंबिक व्यवसायाची जबाबदारी त्यांच्यावर आली. या कुटुंबाने सिंगापुरात उभारलेले कॅथे चित्रपटगृह १९३९ मध्ये सुरू झाले होते.

युद्ध व मुंबईतील वास्तव्य

फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य सिंगापूरच्या वेशीवर पोहोचले असताना वान थो 'नोरा मोलर' या जहाजाने शहराबाहेर पडले. सुमात्राजवळच्या बांका सामुद्रधुनीत जहाजावर बॉम्बहल्ला झाला. वान थो गंभीर भाजले आणि त्यांची दृष्टी काही काळ पूर्णपणे गेली. 'होबार्ट' या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेने वाचलेल्यांना बटाव्हिया (आजचे जकार्ता) येथे पोहोचवले. तेथे उपचार झाल्यावर ते भारतात आले. त्यांची दृष्टी परत आली होती. पुढील आयुष्यात त्यांनी जी ख्याती मिळवली, ती सूक्ष्म पाहण्यावर आधारलेल्या कलेत होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुंबईत त्यांची सलीम अलींशी ओळख झाली. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' हे अलींचे पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याआधी अलींनी हुमायून अब्दुलाली यांच्यासह मुंबई व साष्टी बेटातील पक्ष्यांवरील लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली होती. अलींच्या सहवासात वान थो यांना शास्त्रीय निरीक्षणाची शिस्त लाभली. दोघांनी भारतात अनेक प्रवास केले. त्यांत हिमालयातील भ्रमंतीही होती. अलींच्या काही मोहिमांना वान थो यांनी आर्थिक साहाय्य केले. अलींची साधने त्या काळी तुटपुंजी असल्याने या मदतीचे मोल मोठे होते.

पक्षी-छायाचित्रण

युद्धानंतर वान थो यांनी भारत व मलायासह अनेक प्रदेशांतील पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचे घरटे उंच झाडावर असते. त्याच्या पातळीवरून चित्र घेता यावे म्हणून त्यांनी खास उंच मनोरा उभारला होता. कोकणच्या किनाऱ्यावरही आढळणाऱ्या या पक्ष्याचे डोके व पोट शुभ्र असते, तर पाठ व पंख राखाडी असतात.

अशा तीव्र रंगभेदाचे पक्षी उन्हात टिपणे ही त्या काळच्या छायाचित्रकारांपुढील मोठी अडचण होती. प्रकाशमापक दृश्यातील प्रकाशाची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेशी जुळवतो. गडद पाण्यावर उभा असलेला एकटा पांढरा बगळा टिपताना मापकाचे तंतोतंत ऐकले, तर पाणी उजळते आणि बगळ्याची पिसे तपशील हरवून कोरी उमटतात. याउलट पांढऱ्या पक्ष्याने चौकट भरली, तर तो मळकट करडा दिसतो. म्हणून पहिल्या प्रसंगी मापकाने दर्शवल्यापेक्षा कमी आणि दुसऱ्या प्रसंगी अधिक प्रकाश द्यावा लागतो. कृष्णधवल फिल्म धुताना विकसनाचा वेळ कमी करून छटांमधील तफावत सौम्य करता येत असे. परंतु झालेली चूक फिल्म धुतल्यावरच कळे आणि तोवर तो क्षण निघून गेलेला असे. त्यामुळे लपणात तासन्‌तास बसून प्रकाशाची दिशा पारखणे आणि शक्यतो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहणे, हाच खात्रीचा मार्ग होता.

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला वसलेल्या मिरा-भाईंदरच्या मिठागरांत ही अडचण आजही अनुभवता येते. तेथील बगळे, काळ्या पंखांचा, पांढऱ्या अंगाचा शेकाट्या आणि पांढऱ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा शराटी दुपारच्या उन्हात टिपताना पांढरे व काळे दोन्ही तपशील राखणे कठीण जाते. पाणी व मीठ यांवरून परतणारा प्रकाश पक्ष्याची खालची बाजू उजळतो. त्यामुळे सावल्या काहीशा सौम्य होतात, पण पांढरी पिसे करपण्याचा धोकाही वाढतो.

वान थो यांचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्‌स' हे पुस्तक १९५७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात छायाचित्रांबरोबरच पक्ष्यांच्या शोधात केलेल्या प्रवासांचे वर्णन आहे. माल्कम मॅकडोनल्ड यांच्या अंगकोरवरील ग्रंथासाठीही (१९५८) त्यांनी छायाचित्रे दिली. त्यांच्या पहिल्या पत्नी क्रिस्टिना याही छायाचित्रकार होत्या. मॅकडोनल्ड यांच्या 'बर्ड्‌स इन माय इंडियन गार्डन' (१९६०) या पुस्तकातील छायाचित्रे त्यांची आहेत.

चित्रपट व अन्य कार्य

युद्धानंतर वान थो यांनी कॅथे संस्थेचा विस्तार केला. सिंगापुरातील कॅथे-केरिस चित्रसंस्थेने मलय चित्रपट, तर १९५६ मध्ये हाँगकाँगमध्ये सुरू झालेल्या संस्थेने चिनी चित्रपट निर्माण केले. मलायन एअरवेज व सिंगापूरचे राष्ट्रीय ग्रंथालय यांच्या मंडळांचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

मृत्यू व वारसा

आशियाई चित्रपट महोत्सवासाठी वान थो तैवानला गेले होते. २० जून १९६४ रोजी ताइचुंगजवळ विमान कोसळून ते व त्यांच्या पत्नी मेविस यांच्यासह विमानातील सर्व ५७ जण मृत्यू पावले. त्या वेळी वान थो यांचे वय ४९ वर्षांचे होते. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल गिब्सन-हिल यांचा ग्रंथसंग्रह वान थो यांनी विकत घेतला होता. त्यांच्या आईने तो मुलाच्या स्मरणार्थ सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिला.

या अपघाताने सलीम अलींनी एक निकटचा मित्र आणि भारतीय पक्षिशास्त्राने एक भक्कम आधार गमावला. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) या आत्मचरित्रात अलींनी वान थो यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. अलींचे निधन २० जून १९८७ रोजी, म्हणजे मित्राच्या मृत्यूनंतर बरोबर २३ वर्षांनी त्याच तारखेला झाले.