मलिक अंबर : राज्य बुडाले, धारा उरला



रेवदंड्याचा कोट आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. कुंडलिकेच्या मुखाशी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो उभारला. तेथून जवळच असलेले जुने चौल मात्र अहमदनगरच्या निजामशाहीचे बंदर होते. एकाच किनाऱ्यावर दोन सत्ता नांदत होत्या. पोर्तुगीजांची खूण दगडी भिंतींच्या रूपाने आजही डोळ्यांस दिसते. निजामशाहीची सर्वांत टिकाऊ खूण शोधायची असेल, तर जमिनीच्या वसुलीचा इतिहास उघडावा लागतो. त्या इतिहासात ज्यांचे नाव कायम राहिले, त्या मलिक अंबर यांचे चरित्र आज आपणांसमोर ठेवत आहे.

मलिक अंबर यांचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीचे त्यांचे नाव चापू असे होते. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. अनेक हातांतून फिरत ते बगदादच्या मीर कासिम यांच्याकडे आले. मीर कासिम यांनी या मुलाची बुद्धी ओळखून त्यास शिक्षण दिले आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे दख्खनमध्ये त्यांना निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होते आणि त्यांनीही गुलामी भोगली होती. राज्याचा कारभार कसा चालतो, हे अंबर यांनी त्यांच्याच पदरी राहून पाहिले.

चंगेजखानांच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाले. काही काळ त्यांनी विजापूरच्या दरबारी चाकरी केली. मलिक हा किताब त्यांना तेथेच मिळाला. नंतर ते अहमदनगरास परतले. इ.स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, सुलतान कैद झाला आणि निजामशाही संपली असे सर्वांस वाटले. त्याच वर्षी मलिक अंबर यांनी राजघराण्यातील मुर्तजा यास परांडा येथे गादीवर बसवले आणि राज्याची सूत्रे हाती घेतली.

वाचकहो, त्या वेळची स्थिती ध्यानात घ्या. राजधानी गेली होती, खजिना रिता होता, समोर अकबर व पुढे जहांगीर यांच्यासारखे बलाढ्य शत्रू होते. अशा वेळी रयतेस पिळून पैसा उभा करणे हा सोपा मार्ग होता. त्यासाठी साधनही तयार होते, ते म्हणजे मक्ता. जो अधिक रक्कम कबूल करील, त्यास परगण्याची वसुली द्यायची. या पद्धतीतला दोष उघड आहे. मक्तेदाराची नजर मुदत संपेपर्यंतच पोहोचते. पुढच्या वर्षी कुळ शेत कसेल की गाव सोडून जाईल, याची चिंता त्यास नसते.

मलिक अंबर यांनी हा मक्ता बंद केला. वसुलीचे काम त्यांनी ब्राह्मण कारकुनांकडे सोपवले आणि त्यांवर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. मोडकळीस आलेली गावगाड्याची व्यवस्था त्यांनी पुन्हा उभी केली. धारा ठरवण्याची त्यांची रीत तर विशेष अभ्यासण्याजोगी आहे. प्रथम प्रत्यक्ष पिकाचा सुमारे दोन पंचमांश भाग धान्यरूपाने घेतला जाई. असे काही हंगाम गेल्यावर, जमिनीचा अनुभव गाठीशी आल्यावर, त्याचे रोख रकमेत रूपांतर झाले. ही रक्कम पिकाच्या एक तृतीयांश किमतीइतकी असे, अशी परंपरा सांगते. तीही दर वर्षी लागवड पाहून ठरे. आधी अनुभव घ्यावा आणि मग नियम बांधावा, हा क्रम त्यांनी पाळला.

इस्लामी इतिहासाच्या अभ्यासकास येथे दोन गोष्टी आठवल्याखेरीज राहत नाहीत. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत इराकची सुपीक भूमी मुसलमानांच्या हाती आली, तेव्हा ती सैनिकांत वाटून द्यावी, अशी अनेकांची मागणी होती. हजरत उमर (रजि.) यांनी ती मानली नाही. आज सर्व जमीन वाटली, तर उद्या जन्मास येणाऱ्यांसाठी काय राहील, असा त्यांचा विचार होता. जमीन कसणाऱ्यांच्या हाती ठेवून तिची मोजणी करण्यात आली. मोजणीस पाठवलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी पुढे विचारले होते, की जमिनीवर तिला न पेलणारा बोजा तर टाकला नाही ना? दुसरी गोष्ट इमाम अबू यूसुफ (रह.) यांची. खलीफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या किताबुल खराज या ग्रंथात त्यांनी वसुलीच्या मक्त्यास स्पष्ट विरोध केला आणि ठरावीक आकारणीऐवजी पिकाचा हिस्सा घेण्याचा सल्ला दिला. वाहत्या पाण्यावरच्या गहू व जवसाठी त्यांनी सुचवलेला हिस्सा दोन पंचमांशच होता. आठ शतकांचे अंतर असूनही प्रश्न तोच होता आणि उत्तरही त्याच दिशेने गेले.

मलिक अंबर यांची कर्तबगारी येथेच थांबत नाही. इ.स. १६१० मध्ये त्यांनी खडकी हे शहर वसवले आणि जमिनीखालून नहर काढून तेथे पाणी आणले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. शहाजीराजे भोसले यांच्यासारखे मराठे सरदार त्यांच्या फौजेत होते. इ.स. १६२४ मध्ये भातवडी येथे मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा त्यांनी पराभव केला.

तथापि, चरित्र सांगताना केवळ गुणगान करणे ही अमानतीत कसूर ठरेल. वसुलीची घडी बसवणाऱ्या या पुरुषाने सिंहासनाची घडी मात्र बसवली नाही. मुर्तजा याच्याशी त्यांचे बिनसले. इ.स. १६१० मध्ये मुर्तजा विषप्रयोगाने मेला आणि त्याचा ठपका समकालीन वृत्तांतांत अंबर यांच्यावरच ठेवला आहे. त्यानंतर एका अल्पवयीन मुलास गादीवर बसवून सर्व सत्ता त्यांनी स्वतःच्या हाती ठेवली. आपल्यानंतर राज्य कोण आणि कोणत्या नियमाने चालवील, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तयार केले नाही.

परिणाम लवकरच दिसला. १४ मे १६२६ रोजी मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलताबाद येथे त्यांची कबर आहे. त्यांचा पुत्र फतेहखान याने आपल्याच सुलतानाचा जीव घेतला आणि इ.स. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे निजामशाही जगवण्याची शर्थ केली, परंतु इ.स. १६३६ मध्ये तीही संपली.

राज्य बुडाले, पण धारा बुडाला नाही. पुणे परगण्यात दादोजी कोंडदेव यांनी तीच पद्धत पुढे चालवली आणि मलिकंबरी हा शब्द मराठी मुलखाच्या भाषेत रुजला. दोनशे वर्षांनी ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तेव्हा सततच्या युद्धातही त्या वसुलीखाली मुलूख भरभराटीस आल्याची आठवण त्याने नोंदवली. एकाच माणसाने केलेल्या दोन कामांची ही दोन फळे आहेत. जे पाटील-कुलकर्ण्यांच्या हाती आणि गावाच्या दप्तरात गेले, ते टिकले. जे एकट्याच्या मुठीत राहिले, ते मुठीबरोबर सुटले.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी मशिदीच्या ट्रस्टवर असेल, कोणी मच्छीमार सोसायटीत, कोणी ग्रामपंचायतीत. तेथील हिशेब आपल्याखेरीज आणखी कितीजणांना ठाऊक आहे? पदाची मुदत ठरलेली आहे काय? आपण उद्या नसलो, तर कपाटाची किल्ली आणि वही कोणाच्या हाती जाणार, हे लिहून ठेवले आहे काय? प्रामाणिक माणसाचा कारभार त्याच्या हयातीपुरता चांगला चालतो, एवढ्यावर आपण समाधान मानतो. हजरत उमर (रजि.) यांनी मात्र अद्याप जन्मास न आलेल्यांचा हक्क ध्यानात घेऊन निर्णय दिला होता. येत्या बैठकीत हे तीन प्रश्न अवश्य मांडा आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.