रॉबर्ट ब्रूस फूट : भारतीय प्रागितिहासाचा आद्य संशोधक

भारताच्या प्रागैतिहासिक संशोधनाचा प्रारंभ एका मुरमाच्या खाणीपाशी झाला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दि. 30 मे 1863 रोजी मद्रासजवळील पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना क्वार्टझाइट दगडाची एक हातकुऱ्हाड सापडली. भारतात मानवाचे वास्तव्य पुराणाश्मयुगापासून आहे, हे त्या एका दगडाने सूचित केले.

फूट यांचा जन्म 1834 मध्ये इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. 1858 मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यातील दगडी हत्यारांची प्राचीनता इंग्लंडमधील विद्वानांनी मान्य केली. त्या घटनेने फूट यांची दृष्टी सजग झाली. पल्लावरमनंतर काही महिन्यांतच त्यांनी सहकारी विल्यम किंग यांच्यासह अत्तिरमपाक्कम हे स्थळ उजेडात आणले. तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची असल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

प्रागितिहास हे फूट यांचे नेमून दिलेले काम नव्हते. खडकांचे नकाशे तयार करीत असतानाच त्यांनी दक्षिण भारतात व गुजरातेत साडेचारशेहून अधिक स्थळांची नोंद केली. 1891 मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात भूवैज्ञानिक पाहणी केली. त्या काळात साबरमतीच्या पात्रात मिळालेल्या हत्यारांचा माग घेतच पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील हसमुख सांकळिया यांनी 1941 मध्ये गुजरातेतील शोधमोहीम हाती घेतली. मराठी भूमीतील प्रागितिहासाच्या अभ्यासपरंपरेशी फूट यांचे नाते जडते ते असे.

फूट यांचा खरा मोठेपणा मात्र शोधापेक्षाही नोंदीत आहे. कोणते हत्यार कोठे व कोणत्या थरात मिळाले, हे टिपून ठेवल्यावाचून त्यांनी संग्रह वाढविला नाही. 1904 मध्ये हा संग्रह मद्रासच्या शासकीय संग्रहालयाने विकत घेतला. त्याची सूची त्यांनी स्वतः सिद्ध केली. ती प्रसिद्ध झाली 1914 मध्ये. तत्पूर्वीच, 1912 च्या डिसेंबरात, कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले होते.

आज पल्लावरम चेन्नई महानगरात पूर्णपणे सामावून गेले आहे. ज्या खोदकामाने ती कुऱ्हाड उघडी पडली, त्याच प्रकारच्या खोदकामाने आणि बांधकामाने असंख्य स्थळे कायमची नाहीशी होतात. जमिनीवर कुदळ पडण्यापूर्वी तिची पाहणी झाली, तर स्थळ गेले तरी ज्ञान उरते. पाहणी झाली नाही, तर काय गेले हेही कळत नाही. विकासाला विरोध न करताही हे भान राखता येते. एका सरकारी नोकराने आपले नित्याचे काम सांभाळून ते राखले होते. फूट यांच्या चरित्राचा आपल्या काळासाठी हाच अर्थ होय.