क & -क : सर्वात उजवीकडचा १ आणि जॉर्ज बूल

सी भाषा शिकताना हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच : दिलेल्या पूर्णांकात सर्वात उजवीकडचा १ कुठे आहे? लूप लावून एकेक बिट तपासता येतो, पण जाणकार एका ओळीत काम उरकतात : क & -क. मला मात्र या ओळीपेक्षा तिच्यातल्या & मागचा माणूस जास्त आवडतो. जॉर्ज बूल. सी मधल्या 'बूल' टाइपचं नाव यांच्याच आडनावावरून आलंय.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा, इंग्लंडमधल्या लिंकन शहरातला. वडील जोडे बनवायचे, पण त्यांचा जीव रमायचा दुर्बिणी बनवण्यात. धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी घराचा भार जॉर्जवर आला. डॉनकास्टरच्या शाळेत शिकवायला लागले, एकोणिसाव्या वर्षी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. वरचं गणित शिकले ते पुस्तकं वाचून, स्वतःचं स्वतः. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचं पदक मिळालं आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजने त्यांना डिग्री नसताना गणिताचे प्राध्यापक नेमलं. आज असा बायोडेटा पहिल्याच फिल्टरमध्ये उडाला असता!

१८५५ मध्ये त्यांचं लग्न मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झालं. होय, तेच आडनाव. ज्यांच्या नावाने ते शिखर ओळखलं जातं, ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे काका.

बूल यांचं मोठं काम १८४७ च्या एका छोट्या पुस्तकात सुरू झालं आणि १८५४ च्या 'लॉज ऑफ थॉट' मध्ये पूर्ण रूपात आलं. तर्काची वाक्यं बीजगणितासारखी सोडवायची, ही कल्पना. 'पांढऱ्या' आणि 'मेंढ्या' यांचा गुणाकार केला की पांढऱ्या मेंढ्या उरतात. हा झाला अँड. १ मधून एखादी गोष्ट वजा केली की 'ती सोडून बाकी सगळं' मिळतं. हा नॉट. आणि कुठल्याही गोष्टीला तिनेच गुणलं तरी तीच राहते. साध्या आकड्यांत हा नियम फक्त ० आणि १ पाळतात.

आता आपली ओळ बघा. क = १२ घ्या, ८ बिटमध्ये ००००११००. नॉट केलं की ११११००११. त्यात १ मिळवला की शेवटचे १ हातच्याने पालटत जातात आणि हातचा थांबतो तो बरोबर आपल्या बिटवर : ११११०१००. हाच -क. त्या बिटच्या डावीकडे सगळे बिट मूळच्या उलटे, म्हणून अँड केल्यावर तिथे ०, आणि हाती येतं ०००००१००, म्हणजे ४. बेरीज सोडली, तर दोन्ही क्रिया बूल यांच्याच.

यंत्र मात्र त्यांच्या डोक्यात नव्हतं, म्हणून त्यांना कॉम्प्युटरचे जनक म्हणणं मला पटत नाही. १८६४ च्या नोव्हेंबरात ते भर पावसात सुमारे ३ मैल चालत कॉलेजात गेले, ओल्या कपड्यांतच तास घेतला, आजारी पडले आणि ८ डिसेंबरला गेले. वय ४९. मागे मेरी आणि पाच मुली, धाकटी वर्षाचीही नव्हती. हे बीजगणित विजेच्या स्विचना लागू पडतं, हे क्लॉड शॅनन यांनी एमआयटीच्या प्रबंधात १९३७ मध्ये दाखवलं. म्हणजे ७३ वर्षांनी.

कोड करून बघणार असाल तर दोन गोष्टी. क अनसाइन्ड ठेवा, कारण साइन्डमधल्या सर्वात लहान संख्येचं चिन्ह उलटं करताना ओव्हरफ्लो होतो. आणि क शून्य असेल तर उत्तरही शून्यच येतं. तिथे १ नाहीच, त्यामुळे ती केस आधीच तपासून घ्या.