हृदयाला पोचलेला निरोप

शाळेच्या मैदानाला एक फेरी मारून या आणि मग छातीवर हात ठेवून पाहा. हृदय कसे धडधडत असते! थोडा वेळ सावलीत बसलात की तेच हृदय हळूहळू शांत होते. आता वेग वाढव, आता कमी कर, हे त्याला कोण सांगते? मेंदू सांगतो, असे तुम्ही म्हणाल. ते बरोबरच आहे. मेंदूकडून निघालेले निरोप मज्जातंतूंतून हृदयापर्यंत येतात. निरोप म्हणजे तुम्ही घरी ज्याला पैगाम म्हणता तोच. पण मज्जातंतू जिथे संपतो, तिथून पुढे हृदयाच्या पेशीला तो निरोप कसा पोचतो? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. या प्रश्नाचा छडा लावणाऱ्या ऑटो लोवी यांची ही हकीकत आहे.

ऑटोचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा व्यापार होता. शाळेत ऑटोला भाषा चांगल्या येत, पण गणित आणि पदार्थविज्ञान यांत तो कच्चा होता. त्याला चित्रकलेचा इतिहास शिकायचा होता. घरच्यांना मात्र मुलाने डॉक्टर व्हावे असे वाटत होते. ऑटोने घरच्यांचे ऐकले आणि १८९१ साली स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात नाव घातले. तिथेही तो वैद्यकाचे तास चुकवून तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसे! तरीही १८९६ साली तो डॉक्टर झाला.

पुढे फ्रँकफर्टच्या रुग्णालयात काम करताना लोवी यांनी क्षयाचे आणि न्यूमोनियाचे अनेक रोगी पाहिले. त्या काळी या रोगांवर औषध नव्हते. तरुण माणसे डोळ्यांदेखत मरत आणि डॉक्टर नुसते पाहत राहत. लोवी यांना हे सहन होईना. रोगी तपासण्याचे काम सोडून ते औषधशास्त्राच्या संशोधनाकडे वळले. १९०९ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील विद्यापीठात ते औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे येऊ. मज्जातंतूतून विजेसारखी लहर धावते, हे तेव्हा माहीत झाले होते. म्हणून पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणत, की ही लहरच तंतूच्या टोकावरून पुढच्या पेशीवर उडी घेते. काही थोड्यांना वाटे, की टोकाशी एखादे रसायन पाझरत असावे आणि तेच निरोप पोचवत असावे. १९०३ साली एका इंग्रज मित्राशी बोलताना लोवी यांच्याही मनात हा विचार आला होता. पण तो सिद्ध कसा करायचा? उपाय सुचला नाही आणि विचार मागे पडला. मध्ये सतराएक वर्षे गेली.

मग ईस्टरच्या आदल्या रात्री एक गंमत झाली. लोवी झोपेतून जागे झाले, दिवा लावला, कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडले आणि पुन्हा झोपले. सकाळी आठवले, की रात्री आपण फार महत्त्वाचे काही लिहिले आहे. पण स्वतःचे अक्षर स्वतःलाच लागेना! सारा दिवस त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी त्यांनी कागदावर भरवसा ठेवला नाही. ते उठले आणि तडक प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग अगदी साधा होता. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले, तरी मिठाच्या विशिष्ट द्रावणात ते बराच वेळ धडधडत राहते. लोवी यांनी अशी दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाचा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्यांनी तसाच राहू दिला. दुसऱ्याचे मज्जातंतू काढून टाकले. व्हेगसचे काम हृदयाला सावकाश करण्याचे. लोवी यांनी पहिल्या हृदयाच्या व्हेगसला विजेचे हलके झटके दिले आणि ते हृदय मंदावले. मग त्यांनी त्यातले द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातले. तेही मंदावले! या हृदयाला तर मज्जातंतूच नव्हता. त्याच्यापर्यंत वीज पोचलेली नव्हती. पोचले होते फक्त पाणी आणि त्यात मिसळलेले काहीतरी. पुढे वेग वाढवणाऱ्या तंतूला झटके देऊन तसेच केले, तेव्हा दुसऱ्या हृदयाचा वेग वाढला.

लोवी पुढे म्हणत, की हा प्रयोग दिवसा सुचला असता, तर आपण तो केलाच नसता. दुसऱ्या हृदयावर परिणाम होईल इतके रसायन द्रावणात उतरेल, असे भर दिवसा विचार करणाऱ्या माणसाला वाटले नसते. झोपेत कोण एवढा हिशेब करतो!

१९२१ साली हा प्रयोग छापून आला, पण सगळ्यांना तो पटला नाही. काहींनी करून पाहिला, तर त्यांना तसा परिणाम दिसला नाही. म्हणून १९२६ साली स्टॉकहोमच्या परिषदेत लोवी यांनी सगळ्यांसमोर एकाच हृदयावर तो अठरा वेळा करून दाखवला. त्यांचे मित्र हेन्री डेल लंडनमध्ये ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचा अभ्यास करत होते. व्हेगसच्या टोकाशी पाझरणारे रसायन ते हेच, असे पुढे ठरले. १९३६ साली या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे रसायन काम कसे करते, तेही पाहा. तंतूचे टोक आणि पुढची पेशी यांच्यामध्ये अतिशय अरुंद फट असते. विजेची लहर टोकाशी आली, की तिथून ॲसिटिलकोलीन त्या फटीत पडते आणि कुलपात किल्ली बसावी तसे पुढच्या पेशीवर ठरलेल्या जागी बसते. पेशीला निरोप मिळतो. मग एक विकर त्या रसायनाचे लगेच तुकडे करते. तसे झाले नाही, तर निरोप संपणारच नाही. आपल्याकडे शेतात फवारतात त्यांतली काही कीटकनाशके नेमके या विकरालाच अडवतात. म्हणून त्यांची विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि पुष्कळदा हृदय मंदावते. अशा वेळी डॉक्टर ॲट्रोपीनचे इंजेक्शन देतात. ते कुलपाची जागा अडवून बसते.

नोबेल मिळून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेला. त्याच रात्री हत्यारबंद माणसे लोवी यांच्या घरात शिरली. ज्यू असणे एवढाच त्यांचा गुन्हा. चौसष्ट वर्षांच्या या प्राध्यापकांना आणि त्यांच्या दोन धाकट्या मुलांना कैदेत टाकण्यात आले. आपल्याला ठार मारणार, याबद्दल लोवी यांना शंका राहिली नाही. त्यांना एकच चिंता होती. शेवटच्या प्रयोगाचे निष्कर्ष कुठेच छापलेले नव्हते. आपण मेलो तर तेही जातील! मोठ्या मिनतवारीने त्यांनी पहारेकऱ्याकडून पोस्टकार्ड आणि लेखणी मिळवली, त्यावर निष्कर्ष लिहिले आणि ते एका जर्मन विज्ञानपत्रिकेच्या पत्त्यावर पाठवले. या वेळी अक्षर त्यांनी नीट काढले असणार. कार्ड गेल्यावर त्यांच्या मनाला शांती लाभली.

दोन महिन्यांनी त्यांची सुटका झाली. पण देश सोडण्यापूर्वी नोबेलची सारी रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करायला त्यांना भाग पाडण्यात आले. पत्नीला तर मागेच अडकवून ठेवले. ती त्यांना भेटू शकली थेट १९४१ साली. बेल्जियम आणि इंग्लंड करत लोवी १९४० मध्ये अमेरिकेला पोचले आणि न्यूयॉर्कच्या विद्यापीठात काम करू लागले. बोटीवर आपले कागद चाळताना त्यांना वैद्यकीय दाखला दिसला. हा मनुष्य म्हातारपणामुळे कमाई करू शकत नाही, असा शेरा त्यावर मारलेला! आता परत पाठवतात की काय, अशी धास्ती त्यांनी घेतली. पण बंदरावरच्या अधिकाऱ्याने तिकडे लक्ष दिले नाही.

त्यानंतर लोवी वीस वर्षांहून अधिक जगले. उन्हाळ्यात ते वुड्स होल या समुद्रकाठच्या गावातील प्रयोगशाळेत जात आणि तरुण संशोधकांशी तासन्‌तास बोलत बसत. २५ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.