खिळे घासणारा मुलगा : शेठ जावजी दादाजी

गेल्या वर्षी आमच्या भित्तिपत्रकाचे शीर्षक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अक्षर बरे असल्याचा अभिमान होता. पण क्ष जागेत मावेना, वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढे आणि शिरोरेषा तर तीनदा पुसावी लागली. त्याच आठवड्यात ग्रंथालयात शाकुंतलाची एक जुनी प्रत हाती आली. पाने पिवळी पडलेली. पण अक्षर कसे? ठसठशीत, एकसारखे, जोडाक्षरेसुद्धा ऐटीत उभी! मुखपृष्ठावर छापखान्याचे नाव होते : निर्णयसागर, मुंबई. त्या छापखान्याच्या संस्थापकाची ही कथा.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म 1839 चा. घरची गरिबी अशी, की पाटीपुस्तकाशी फारशी ओळख होण्यापूर्वीच पोटासाठी काम धरावे लागले. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तेथे टॉमस ग्रॅहम नावाचे कुशल गृहस्थ देवनागरी खिळे तयार करीत. त्यांच्या हाताखाली लहानगा जावजी खिळे घासू लागला.

आज संगणकाची कळ दाबली की अक्षर उमटते. त्या काळी अक्षर जन्माला घालावे लागे. पोलादी कांबीच्या टोकावर ते उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा काढायचा. इंग्रजीला सव्वीस अक्षरांच्या लहानमोठ्या जोड्यांवर भागते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि शिवाय जोडाक्षरांची फौज! खिळा केसभर वाकडा राहिला तर सारी ओळ डुगडुगते. ज्या वयात इतर मुले मुळाक्षरे गिरवीत, त्या वयात हा मुलगा तीच अक्षरे बोटांनी ओळखायला शिकला. हीच त्याची शाळा.

पुढे इंदुप्रकाश छापखान्यात नोकरी करून त्यांनी अनुभव घेतला आणि 1864 मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे ठसे कोरणारे कसबी मित्र त्यांना लाभले. एकाची नजर आणि दुसऱ्याचा हात यांतून मुंबईचे ते सुबक देवनागरी वळण घडत गेले. 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. मुंबईत 1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले, तेव्हा ते शिळाछापाचे होते. जावजींनी आपल्या छापखान्यात खिळ्यांच्या छपाईला सौंदर्य दिले.

केवळ धंदा करायचा असता, तर खपाऊ पुस्तके छापून ते थांबले असते. विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे बालबोध मासिक त्यांच्या छापखान्यातून निघे. 1886 पासून काव्यमाला सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे विद्वान संपादनास बसले. पोथ्यांच्या बासनात बांधून पडलेली संस्कृत काव्ये, नाटके, अलंकारशास्त्राचे ग्रंथ शुद्ध स्वरूपात आणि माफक किमतीत लोकांपर्यंत पोचू लागले. जी विद्या मोजक्या घरांत कोंडली होती, ती दुकानात विकत मिळू लागली; आणि विकत घेणाऱ्याला दुकानदार कूळ विचारत नाही! 5 एप्रिल 1892 रोजी जावजी निवर्तले. पुढे त्यांचे चिरंजीव तुकाराम यांनी हे काम चालविले.

मित्रहो, मला या चरित्रातील एक गोष्ट राहून राहून जाणवते. ज्यांना शाळा लाभली नाही, त्यांच्या खिळ्यांवाचून शास्त्रीपंडितांचे पान हलत नव्हते. आपण कवीचे नाव पाठ करतो, टीकाकाराचे नाव परीक्षेत लिहितो. पण अक्षर कोणी घडविले हे कोण विचारतो?

हे लिहिताना मनात एक टोचणी आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील गवंडीकाम करतात. प्रवेशअर्जावर त्यांच्या शिक्षणाच्या रकान्यात आडवी रेघ ओढताना मी हाताने कागद झाकला होता. शाकुंतलाची ती प्रत परत करताना त्या झाकलेल्या हाताची मला लाज वाटली.

यंदा शीर्षक लिहायचे ठरले तेव्हा मी वडिलांनाच अडचण सांगितली. त्यांनी पिशवीतून गेरू लावलेली दोरी काढली, दोन टोके ताणून धरायला लावली आणि मध्ये एक टिचकी मारली. कागदावर सरळ लाल रेघ उमटली. यंदाच्या भित्तिपत्रकाची शिरोरेषा तीच आहे. येता-जाता जरूर पाहा.

— द्वितीय वर्ष कला