मावशींची सुरी आणि बेकलंडसाहेब

आमच्या मेसमध्ये कांदा चिरणाऱ्या मावशींच्या सुरीची लाकडी मूठ गेल्या वर्षी तडकली. पनवेलचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. चार महिने पाणी पिऊन लाकूड फुगलं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसलं आणि रिव्हेटपाशी चीर गेली. दोनदा ती सुरी मावशींच्या हातात फिरली. मेकॅनिकलवाला म्हणून नवी मूठ बसवायचं काम माझ्याकडे आलं. पुन्हा शिसवी बसवायची, की कुकरला असते तशी काळ्या बेकलाइटची? हे ठरवायला लायब्ररीत गेलो आणि लिओ बेकलंडच्या चरित्रात अडकलो.

बेकलंडचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ चा, बेल्जियममधल्या गेंट शहरातला. वडील बूट शिवायचे, आई लोकांच्या घरी कामाला जायची. पोरगा शिष्यवृत्तीवर शिकला आणि एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट घेऊन मोकळा झाला. (त्या वयात आपण केटी सोडवत असतो!) पुढे आपल्या प्राध्यापकांच्याच मुलीशी, सेलिनशी, लग्न केलं आणि १८८९ मध्ये अमेरिका गाठली. तिथे त्याने दिव्याच्या उजेडात छापता येणारा 'व्हेलॉक्स' हा फोटोचा कागद काढला. १८९९ मध्ये कोडॅकच्या ईस्टमनने तो धंदा विकत घेतला. पस्तिशीतच पोटापाण्याची चिंता मिटली, तेव्हा बेकलंडने यॉंकर्सला घराजवळच प्रयोगशाळा थाटली.

तेव्हा विजेचा जमाना सुरू होत होता आणि इन्सुलेशनसाठी शेलॅकला मागणी वाढत होती. शेलॅक म्हणजे आपलीच लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरचे किडे ती तयार करतात आणि जगाला ती मुख्यतः भारतातून जायची. किडे काही ऑर्डर बघून काम वाढवत नाहीत. बेकलंडला लाखेला पर्याय हवा होता.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केलं की राळेसारखा गोळा बनतो हे जर्मनीच्या बायरला १८७२ मध्येच दिसलं होतं. पण त्याचं करायचं काय, हे कोणालाच सुचेना. बेकलंडनेही आधी त्यातून लाखेसारखं काहीतरी बनवून पाहिलं, ते फारसं चाललं नाही. मग १९०७ च्या जूनमध्ये तो चक्क लाकूडच टणक करायला निघाला. लाकडाचे तुकडे त्या मिश्रणात भिजवून बंद नळीत तापवले. लाकूड हवं तसं झालं नाही, पण त्यातून जो रस पाझरला होता तो दगडासारखा कडक! मला हा प्रसंग फार आवडतो. सबमिशनच्या घाईत आपण ती नळी धुऊन टाकली असती.

बाकीचे लोक प्रक्रिया आवरायला उष्णता कमी ठेवत होते. याने उलट वाढवली आणि फेस येऊ नये म्हणून वरून दाब दिला. त्यासाठी जाड पोलादी भांडं केलं, तेच 'बेकलायझर'. जुलै १९०७ मध्ये पेटंटचा अर्ज केला, फेब्रुवारी १९०९ मध्ये शोध जाहीर केला, १९१० मध्ये कंपनी काढली. हा पदार्थ एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. म्हणून कुकरची मूठ गॅसजवळ टिकते, आणि म्हणूनच फुटली की फेकावी लागते.

गंमत पुढेच आहे. नुसतं रेझिन ठिसूळ असतं. साच्यात भरायच्या बेकलाइट पावडरीत लाकडाचं बारीक पीठ भरपूर घालावं लागतं, तेव्हा कुठे ते धक्के सोसतं. म्हणजे मी ज्या दोघांत निवड करत बसलो होतो, त्यातल्या एकात दुसरं आधीच होतं. आणि यातलं फॉर्मल्डिहाइड एकेकाळी आपल्याच शेजारी, रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिकमध्ये बनायचं. २०१७ मध्ये सरकारने तिथले बहुतेक प्लांट बंद करायचं ठरवलं.

बेकलंडच्या मुलाला धंद्यात रस नव्हता. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकली. म्हातारपणी हा गडी विक्षिप्त झाला, डब्यातलंच अन्न खायचा. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी तो गेला.

मी शेवटी कापडाचे थर बेकलाइटच्या रेझिनमध्ये दाबून केलेल्या शीटचे दोन तुकडे इलेक्ट्रिकलच्या भंगारातून मागून आणले. तोंडाला रुमाल बांधून घासले (ती धूळ वाईट), पितळी रिव्हेट ठोकले. ओल्या हातात घसरते, अशी मावशींची तक्रार आली. मग कानशीने आडव्या रेघा मारून दिल्या. यंदाच्या पावसाळ्यात अजून तरी मूठ हललेली नाही.